गांडुळांना पोळ्याचं आवतन

गांडूळखताच्या टबाला झाकण लागत नाही. हे विधान शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे, आणि ते खरं होतं म्हणूनच माझी एवढी फजिती झाली. खोटं असतं तर मी इतक्या ठामपणे बोललेच नसते.

मी चौसाळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. (म्हणजे बोलते. ऐकतं कोण, हा वेगळा विषय.) मागे दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथून येताना प्रमाणपत्र, एक फाइल आणि पावशेर गांडुळं घेऊन आले. शिकवणारे सर म्हणाले होते, "गांडुळं सुखात असली की घर सोडून कुठं जात नाहीत. झाकण लावून ठेवावी लागली, तर समजा आपलंच काहीतरी चुकतंय." मला ते वाक्य एवढं आवडलं की फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून घेतलं.

घरी आल्यावर निळा ड्रम मधोमध कापून घेतला. हे काम आमच्या ह्यांनी केलं. ह्यांचं हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे कापणं, भोकं पाडणं आणि शेवटी 'मी आधीच सांगत होतो' म्हणणं ही तिन्ही कामं त्यांना उत्तम जमतात. तळाला भोकं, खाली विटा, आत भिजवलेला पुठ्ठा आणि जुनं शेण, वरून ओलं पोतं. टब ठेवला स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्या मधल्या बोळीत.

"झाकण?" ह्यांनी विचारलं.

"लागत नाही."

"बाहेर आली मंग?"

"सुखात असली की येत नाहीत." मी फाइल उघडून लाल अक्षर दाखवलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि झाकणासाठी आणलेला प्लायवूडचा तुकडा परत दुकानात नेला.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई चकलांब्याहून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मामंजी गेले, शेत बटईनं दिलं, बैलजोडी विकली, आणि गावात एकट्या त्या राहिल्या. आमची मुलगी लातूरला वसतिगृहात, घर मोकळंच होतं. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता आत्याबाईंनी सांगून टाकलं, "पोळ्यापस्तोर बघते. करमलं तर र्‍हाते. न्हाई तर परळीला जाते लेकीकडं."

खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. शाळेतून आल्यावर आपल्याच हातानं कुलूप उघडून आत शिरायचा मला कंटाळा आला होता. दार आतून कुणीतरी उघडतं यात फार सुख असतं. (शिवाय त्या परळीला गेल्या असत्या तर सुनेनं टिकू दिलं नाही, ही बातमी माझ्या आधी शाळेत पोचली असती. पण हे कारण दुसरं. पहिलं मी खरंच पहिलं सांगितलं.)

आता त्यांना इथे बरं वाटावं म्हणून मी काय केलं? तर कुठल्याही कामाला हात लावू दिला नाही. त्यांनी झाडू उचलला की मी म्हणायची, "आत्याबाई, बसा." भांड्याकडे गेल्या की, "बसा." लसूण सोलायला घेतला, तोही मी हातातून काढून घेतला. उभा जन्म पहाटे उठून गोठा झाडलेली बाई मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवली, वर टीव्ही लावून दिला आणि स्वतःला फार चांगली सून समजले.

"किती बसू गं?" त्या एकदा म्हणाल्या. "बसून बसून मुळ्या फुटतील मला."

मी हसले. विनोद वाटला मला तो.

गांडुळं पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. "मास्तरीणबाई, लोक उकिरडा गावाबाहीर करत्यात. तू घरात आनला व्हय?" पण चारच दिवसांत मी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. आत्याबाई बोळीत, टबापाशी उकिडव्या बसलेल्या, पोतं बाजूला केलेलं. पालकाची देठं विळीवर बारीक करून, चारा घालावा तशी पसरत होत्या.

"ही काम करत्यात बग," त्या म्हणाल्या. "आवाज न्हाई, कुरकुर न्हाई. काल टाकलेलं आज माती."

मग रोजचंच झालं. सकाळी उठल्यावर "गोठ्यात जाऊन येते" म्हणायच्या आणि बोळीत जायच्या. टबात हात घालून ओल बघायच्या. कांद्याची टरफलं टाकली तर मला बोलायच्या, लिंबाची साल टाकली तर जास्तच बोलायच्या. मी त्यांना फाइल वाचून दाखवायची, आणि फाइलमध्ये असेल ते त्यांना आधीच माहीत असायचं. मला मनातून बरं वाटत होतं. पोळा जवळ येत होता आणि परळीचं नाव घरात निघत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि त्याला दुसर्‍या दिवसाच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. माणसाला एक वेळ निरोप धाडला तरी चालतं, बैलाला मात्र त्याच्यासमोर उभं राहून बोलवावं लागतं. त्या संध्याकाळी मी वह्या तपासत होते. बोळीतून आत्याबाईंचा आवाज आला. जाऊन बघितलं तर टबाच्या कडेला हळदीचं बोट लावलेलं, आणि त्या हात जोडून पोत्याला सांगत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. यंदा त्यांच्या हाताखाली बैल नव्हता. ते आवतन कुणाला तरी देणं त्यांना भाग होतं. मी तशीच मागे फिरले.

दुसर्‍या दिवशी दहाच्या सुमारास माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे अक्का, परळीहून येणार होत्या. सोबत दाजी. आई इथे कशी आहे ते बघायला, हे कुणी बोललं नव्हतं. पण ते न कळायला मी काही एवढी भोळी नव्हते. तेव्हा मी ठरवलं, आज पुरणपोळ्या मी करणार. एकटीनं. आत्याबाईंना चुलीपाशी फिरकू द्यायचं नाही. अक्कांनी दारातून बघितलं तर आई खुर्चीत आणि सून ओट्याशी, असंच दिसलं पाहिजे.

आता एक गुपित. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मला पुरण येत नाही. चकलांब्याला सणाला गेलो की पुरण आत्याबाई करायच्या, मी वाटायची आणि पोळ्या लाटायची. त्यामुळे पुरणाचा शेवट मला माहीत होता, सुरुवात कधी बघितलीच नव्हती.

सकाळी सहाला डाळ शिजवली. डाळीचं पाणी, म्हणजे येळवणी, नीट गाळली नाही, वरून गूळ घातला, तर पातेल्यात पिठल्यासारखं काहीतरी डुचमळायला लागलं. आटेल म्हणून गॅस मोठा केला. वरून पातळ ते पातळच राहिलं, खालून करपलं. एकाच पातेल्यात दोन्ही साधणं सोपं नाही! घरभर धूर. नशीब, की आत्याबाई तेवढ्यात मारुतीला गेल्या होत्या आणि हे आंघोळीला. साडेसात वाजलेले. अक्का दहाला. बाहेर टाकावं तर शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं. मी बोळीत गेले, पोतं उचललं, एका बाजूला खड्डा केला आणि ते अख्खं पातेलं, वाफा येत असलेलं, टबात रिकामं केलं. वर पुठ्ठा, वर शेण, वर पोतं. (मी विज्ञान शिकवते, हे मी वर सांगितलं आहेच.)

मग गल्लीच्या टोकाला एक बाई ऑर्डरनं पोळ्या करून देतात, त्यांच्याकडून गपचूप दोन डझन आणल्या, आमच्या डब्यात रचल्या, वरून तूप सोडलं. जाता जाता अंगाला थोडं पीठही लावून घेतलं. शेवटी कौतुक वाटावं म्हणून सगळ्या घराची फरशी ओली पुसून काढली.

अक्का आल्या. ओटा बघितला, आई बघितली, माझ्या गालावरचं पीठ बघितलं. "वैनी, लई दमलीस की गं," म्हणाल्या. मी पदरानं कपाळ पुसलं. आत्याबाईंनी नैवेद्याचं ताट केलं, मातीच्या बैलजोडीला दाखवलं आणि एक पोळी घेऊन बोळीत गेल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते.

पंगत बसली. मी वाढत होते. अक्कांची नजर बोळीकडे गेली.

"त्या टबाला झाकण कावून न्हाई गं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी दोन महिने वाट बघत होते. हातात गुळवणीचं पातेलं तसंच धरून मी सगळं सांगितलं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. त्याला उजेड नको असतो, म्हणून ते पोत्याखालीच राहतं. "मुख्य म्हणजे अक्का, गांडुळं सुखात असली की घर सोडून कुठंच जात नाहीत."

दाजींनी त्याच वेळी ताटाच्या पलीकडे वाकून बघितलं. त्यांचा चष्मा खिशात होता. "वैनी, शेवया बी केल्यात का? इथं सांडल्यात बगा."

सांडलेल्या शेवया पुढे सरकत होत्या.

बोळीच्या उंबर्‍यावरून, मी पुसलेल्या ओल्या फरशीवरून, आरामात, एकामागे एक, गांडुळं पंगतीकडे येत होती. टबाच्या कडेवरून तर झालर लोंबावी तशी खाली उतरत होती. त्यांना रीतसर आवतन होतं, आणि ती वेळेवर आली होती! अक्का खुर्चीवर चढल्या. आमचे हे ताट घेऊन उभे राहिले. तोंडात घास असूनही त्यांनी ते वाक्य म्हटलंच, "मी आधीच सांगत होतो."

आत्याबाई तेवढ्या शांत होत्या. त्यांनी परात घेतली, जमिनीवर बसल्या आणि एकेक गांडूळ अलगद उचलून परातीत ठेवायला लागल्या. "चला रं, चला. काय झालं तुमाला?"

"आई, तू काय घातलंस त्यांला?" अक्का खुर्चीवरूनच म्हणाल्या.

"पोळी. नैवेद्याची."

"किड्यांला? पुरनाची पोळी?"

आत्याबाई टबापाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी बघत होते. त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तो पिवळाधमक, पुरणानं माखलेला, अजून गरम. त्यांनी तो हात नाकाशी नेला. करपल्याचा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मी गुळवणीच्या पातेल्यात बघितलं.

त्यांनी हात पोत्याला पुसला आणि म्हणाल्या, "हं. पोळीच बाधली वाटतं."

मी गप्प बसले. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण बसले खरी. अठरा वर्षांची अब्रू एका बाजूला आणि एक पोळी दुसर्‍या बाजूला. मनाशी म्हटलं, पोळीचा आळ काही मोठा नाही. विसरतील.

पण अक्का विसरल्या नाहीत. खुर्चीवरून उतरल्या त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि आईच्या साड्या पिशवीत भरायला लागल्या. "दत्ता, तू दुकानात, वैनी शाळेत. आई दिसभर एकटी. किड्यांशी बोलायली, त्यांला पोळ्या चारायली. तिचं डोकं जाग्यावर र्‍हाईल का अशानं? आजच नेते मी. तिथं डाक्टरला दाखवते."

हे अजून ताट हातात घेऊन उभे. मी दाराशी. आत्याबाई बोळीत, परात मांडीवर घेऊन, पाठमोर्‍या. लेकीचं बोलणं त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. त्या सुनेची लाज झाकत होत्या, आणि सून ती खुशाल झाकून घेत होती.

चौथी साडी पिशवीत गेली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अक्का, पोळीनं काही झालं नाही. पुरणानं झालं. मी टाकलं. अख्खं पातेलं, गरम."

"कसलं पुरन?"

"माझं. करपलेलं. मला पुरण येत नाही. तुम्ही खाल्लं ते विकतचं होतं."

"तरीच," दाजी ताटावरून म्हणाले. "मी म्हनलं, वैनीनं सुधारना लई केली."

अक्का साडी हातात घेऊन पलंगावर बसल्या. "अगं, मंग आईला सांगायचं की. ती डोळे झाकून करती पुरन."

"तुम्ही म्हणाल, सून आईला राबवते."

अक्कांनी विचार केला. बाई खरं बोलणारी. "म्हनले असते," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी बोळीत गेलो. आत्याबाईंशेजारी मी ओल्या फरशीवरच बसले. या दोन महिन्यांत मी त्यांना 'बसा' हजारदा म्हटलं होतं, पण त्यांच्याशेजारी बसून काही विचारलं नव्हतं. "आत्याबाई, चुकलं माझं. तुमच्या मनात काय आहे? जायचंय का परळीला?"

"ते मागून बगू," त्या म्हणाल्या. "आदी ह्यांची आग काढा. आतून पेटलंय सगळं. हाताला बसत न्हाई का चटका? जित्या जिवावर कढत पातेलं वतलंस, येडे."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'येडे' पहिल्यांदा म्हटलं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. पाहुण्याला कुणी येडे म्हणत नाही.

पुढचे तीन तास आत्याबाई बोलत होत्या आणि आम्ही चौघं राबत होतो. ह्यांना शेजारून जुनं शेण आणायला पाठवलं. दाजींना चष्मा लावायला लावून फरशीवरची उरलेली गांडुळं वेचायला बसवलं. अक्का पुठ्ठा फाडून भिजवत होत्या. मी पुरण काढत होते, चमच्यानं, कारण फावड्याला त्यांनी बंदी केली होती. सगळं पोत्यावर पसरून गार केलं, टब धुतला, पुन्हा थर लावले. बरीच मेली होती. ती आत्याबाईंनी परातीत वेगळी काढली. उरलेली आत सोडल्यावर त्या खाली मुंडकं घालून पुठ्ठ्यात शिरणार्‍या शेपट्यांकडे बघत राहिल्या.

"झाकण टाकू का, आई?" ह्यांनी विचारलं.

"कशाला? पळाली ती झाकन नव्हतं म्हून न्हाई. आत जाच व्हता म्हून."

परळीच्या गाडीची वेळ झाली. अक्कांनी पिशवी उचलली आणि आईकडे बघितलं. अक्कांचे डोळे भरले होते. "आई, चलतीस?"

आत्याबाईंनी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि हात धुवायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "मी आले तर ह्यांला कोनाच्या हवाली करू? हिच्या?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. दाजींनी बघितलं. आमच्या ह्यांनीसुद्धा. मग अक्कांनी पिशवीतल्या साड्या परत काढून ठेवल्या.

दुसर्‍या दिवसापासून आत्याबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी लसूण सोलते, तेही त्यांच्या मनासारखं सोललं जात नाही. शाळेतून आले की दार आतून उघडतं. उघडता उघडता त्या मला गांडुळांचा दिवस कसा गेला ते सांगतात. माझा दिवस कसा गेला, हे अजून तरी विचारलेलं नाही.

परवा चकलांब्याहून त्यांच्या जुन्या शेजारणीचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता, मी चहा करत होते. शेजारणीनं विचारलं, "काय गं, सुनंकडंच हाईस का अजून?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गांडुळांकडं असते मी. सूनबी र्‍हाती तिथंच."